दोन खाड्यांच्या काठी

टोकियोच्या नकाशावर एदोगावा प्रभाग शोधायचा तर शहराच्या पूर्वेला, नद्या समुद्राला मिळतात त्या टोकावर बोट ठेवावं लागतं. मुंबईच्या नकाशावर मीरा-भाईंदर शोधायचं तर उत्तरेला, उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्रात शिरते तिथे. माझी लेक, जावई आणि नातू पहिल्या ठिकाणी राहतात, मी दुसऱ्या. गिरगावातली चाळ सोडून आम्ही भाईंदर पश्चिमेला आलो, कारण तिथे परवडेल असं घर मिळालं. लेक एदोगावातल्या निशिकासाईत राहायला गेली, कारण तिथे भाडं परवडत होतं आणि जावयाच्या ऑफिसला थेट गाडी होती. दोन्हीकडची जमीन मुळात चिखलाची, दोन्हीकडे भरतीचं पाणी दाराशी, आणि दोन्हीकडची माणसं सकाळ झाली की पोटासाठी मोठ्या शहराची गाडी धरतात. भाईंदरची तुलना स्वित्झर्लंडशी करण्यात काही अर्थ नाही. निशिकासाईशी मात्र करता येते, आणि करायलाच हवी असं मला तिथे राहून आल्यावर फार वाटतं.

एक आकडा आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २०११च्या शिरगणतीत मीरा-भाईंदरची लोकसंख्या होती ८,०९,३७८ आणि शहराचं क्षेत्रफळ साधारण ७९ चौरस किलोमीटर. एदोगावा प्रभागात जवळपास सात लाख माणसं राहतात, ती सुमारे ५० चौरस किलोमीटरमध्ये. आमच्या ७९ चौरस किलोमीटरमध्ये डोंगर, जंगल, तिवरं आणि मिठागरं येतात, त्यामुळे शांतीनगर किंवा नवघरच्या गल्लीतली दाटी या हिशेबात दिसत नाही. २०११ नंतर माणसंही खूप वाढली. तरीसुद्धा एदोगावा काही मोकळंढाकळं गाव नाही. ‘आपल्याकडे माणसंच फार, म्हणून काही होत नाही’ हे कारण मी तिथून आल्यापासून कुणाचं ऐकून घेत नाही.

देशादेशांच्या जगण्याची तुलना करणारे मोठे तक्ते असतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५च्या मानव विकास अहवालात जपान तेविसावा आहे आणि भारत एकशे तिसावा. जपानी माणूस सरासरी चौऱ्याऐंशी वर्षांहून अधिक जगतो, भारतीय बहात्तर. हा निर्देशांक १९९० साली महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाने अमर्त्य सेन यांना सोबत घेऊन मांडला, तेव्हा निव्वळ उत्पन्न न मोजता माणूस किती जगतो, किती शिकतो हेही मोजायचं असा त्यांचा आग्रह होता. तक्ता महत्त्वाचा आहेच. पण सकाळी सव्वासातला घराबाहेर पडलेल्या माणसाला काय सोसावं लागतं ते तक्त्यात दिसत नाही. ते पाहायला त्याच्यासोबत चालावं लागतं.

मी पहिल्यांदा चालले ती नातवाच्या मागे. तो नुकताच पहिलीत गेलेला. पाठीला कडक चामड्याचं दप्तर, त्यावर पिवळं कव्हर, डोक्याला पिवळी टोपी. पिवळा रंग दिसला की गाडीवाल्याने समजायचं, हे मूल यंदाच रस्त्यावर एकटं चालायला लागलंय. दप्तराच्या पट्ट्याला छोटीशी डबी लटकत होती. तिची दोरी ओढली की कानठळ्या बसवणारा भोंगा वाजतो. लेक दारातूनच म्हणाली, “आई, तू नको जाऊस त्याच्यामागे. त्याला आवडत नाही.” तरी मी गेले, चांगलं अंतर ठेवून. शाळेचा रस्ता आधीच ठरलेला असतो. मुलांनी त्याच रस्त्याने जायचं. मोठ्या चौकात माझ्याच वयाचे एक गृहस्थ पिवळं निशाण घेऊन उभे होते. नातवाने त्यांना वाकून ‘ओहायो’ केलं, त्यांनीही केलं, निशाण आडवं झालं, एक ट्रक थांबला आणि सहा वर्षांचं पोर रस्ता ओलांडून गेलं.

मला तिथे रडू आलं. भाईंदरला याच वयाची मुलं रिक्षात सात-आठ कोंबून शाळेत जातात, आणि ती अशी जातात यात त्यांच्या आईबापांचा काडीचा दोष नाही. स्टेशन रोडला पदपथ आहे तिथे दुकानाची पाटी आहे, पाटी नाही तिथे उभी दुचाकी आहे. मूल चालणार कुठून? माझं स्वतःचं गुडघ्याचं दुखणं सुरू झाल्यापासून मी बाजारात जाते ती रिक्षाने, जेमतेम दहा मिनिटांच्या अंतरासाठी. निशिकासाईत त्याच गुडघ्यांनी मी रोज सकाळ-संध्याकाळ चालत होते. गुडघे बदलले नव्हते, पायाखालची जमीन सपाट होती.

जगण्याची प्रत म्हणजे काय, याचं माझं उत्तर मला तिथेच मिळालं. ज्याच्याकडे ना ओळख, ना पैसा, ना अंगात जोर, अशा माणसाला कुणाचीही मनधरणी न करता किती मिळतं? निशिकासाईत मला भाषेचं अक्षर येत नव्हतं. कुणी ओळखीचं नव्हतं. तरी मी एकटी बागेत जात होते, ग्योसेन पार्कातलं फुकट असलेलं छोटं प्राणिसंग्रहालय नातवासोबत पाहत होते, स्वच्छतागृह कुठे मिळेल याचा विचार न करता दोन पेले पाणी पिऊन निघत होते. हे शेवटचं माझ्या वयाच्या बाईला विचारा. मुंबईला निघायचं म्हणजे सकाळपासून पाणी न पिणं ही आमच्या पिढीतल्या बायकांची सवयच होऊन गेली आहे.

आता गाडीबद्दल सविस्तर लिहिते, कारण माझं अर्धं आयुष्य गाडीत गेलं. एसएनडीटी महिला विद्यापीठात शिकायला आणि पुढे नोकरीला मी चर्चगेटलाच जात होते. लग्नानंतर भाईंदरहून. विरारहून भरून आलेल्या गाडीत भाईंदरला चढायचं म्हणजे काय, ते चढलेल्यालाच कळतं. आमच्यातल्या काही जणी उलट्या दिशेने विरारला जायच्या, त्याच गाडीत बसून परत यायच्या. बसायला मिळावं म्हणून रोज तासभर आयुष्य खर्च करायच्या. ५ मे १९९२ला चर्चगेट-बोरिवली महिला विशेष गाडी सुरू झाली, पुढे ती विरारपर्यंत आली, तेव्हा आमच्या डब्यात पेढे वाटले होते. डब्यात आम्ही भाज्या निवडल्या, हळदीकुंकू केलं, एकमेकींची बाळंतपणं सांभाळली. ते प्रेम खरं होतं. पण त्याच डब्याच्या दारातून माणसं पडत होती हेही तितकंच खरं. २०२३ साली मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर २,५९० माणसांचा जीव गेला. रोज सात. पुढच्या वर्षी विरारच्या एका प्रवाशाच्या जनहित याचिकेवर सुनावणी झाली तेव्हा हा आकडा उच्च न्यायालयासमोर आला आणि माणसांना गुरांसारखं नेलं जातं याची लाज वाटते, अशा अर्थाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले.

निशिकासाईची तोझाई लाइनही गर्दीसाठी बदनाम आहे. करोनाच्या आधी टोकियोतली ती सर्वात भरलेली लाइन होती. सकाळच्या ऐन वेळी गर्दी १९९ टक्के. जपानात या टक्क्यांची एक सरकारी मोजपट्टी आहे. २०० टक्के म्हणजे अंगाला अंग लागून चांगलाच दाब जाणवतो, पण हातातलं साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. आपल्या रेल्वेची मोजपट्टी आहे ‘सुपर डेन्स क्रश लोड’, म्हणजे एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. तिथे साप्ताहिक वाचायची गोष्टच सोडा, हात वर असेल तर तो खाली येत नाही.

जावयाबरोबर मी एकदा मुद्दाम सकाळी आठच्या सुमारास त्या गाडीने गेले. गर्दी होती, श्वास कोंडत होता, आणि माझ्या भाईंदरच्या हाडांना ती ओळखीची वाटली. फरक दुसरीकडे होता. गाडीची दारं बंद होती. ती बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. चढ-उतार लवकर व्हावी म्हणून या लाइनवर जास्त रुंद दारांचे डबे आणले आहेत. आणि २०१९च्या जानेवारीत तिथल्या मेट्रो कंपनीने प्रवाशांना सांगितलं होतं की, पुरेशा लोकांनी गर्दीच्या वेळेआधी प्रवास केला तर सगळ्या सहभागी प्रवाशांना भजी घातलेल्या सोबा शेवया फुकट. गर्दी कमी कशी करायची यावर कुणीतरी पगार घेऊन रोज डोकं चालवतं, हे मला त्या रुंद दारांतून आणि त्या शेवयांच्या वाडग्यातून दिसलं. आपल्याकडे गर्दी हा प्रवाशाचा प्रश्न आहे. तिकडे गर्दी हा गाडी चालवणाऱ्याचा प्रश्न आहे. सकाळच्या त्या गाडीतही बायकांचा वेगळा डबा असतो, आणि तो का ठेवावा लागला हे सांगायला नको. त्या एका बाबतीत दोन्ही देशांतल्या पुरुषांनी सारखीच मान खाली घालावी.

निशिकासाईत इतके भारतीय कसे, असा प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात पडला. भाजीच्या दुकानात मराठी कानावर येत होती. १९९९-२०००च्या सुमाराला संगणकांच्या ‘वायटूके’ अडचणीसाठी आपले इंजिनियर मोठ्या संख्येने टोकियोला गेले. ऑफिसं ओतेमाची, निहोंबाशी भागात, आणि तिथे वीस मिनिटांत पोचवणारी तोझाई लाइन इथून जाते. पण खरी मेख घराची होती. परदेशी माणसाला घर द्यायला जपानी खाजगी मालक आजही कचरतात. भाषा येत नाही, स्वयंपाकाला वास येतो, जामीन कोण राहणार, अशी कारणं. मग यूआर या सरकारी गृहसंस्थेच्या वसाहती मदतीला आल्या. उत्पन्नाची अट पूर्ण करा, जामीनदार नको, पागडीसारखी ‘की मनी’ नको, कुठल्या देशाचे हा प्रश्न नको. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी तिथे आधीपासून राहत होते, त्यांनी नवख्यांना हात दिला. पुढे आपला मराठी माणूस, योगेंद्र पुराणिक, एप्रिल २०१९ मध्ये एदोगावाच्या प्रभाग सभागृहावर निवडून आले. भारतात जन्मून जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले.

हे ऐकताना मला भाईंदर-मीरारोडच्या इस्टेट एजंटांच्या काचेवरच्या अलिखित पाट्या आठवत होत्या. मासे खाणारे नकोत, अमक्या धर्माचे नकोत, एकटी बाई नको. स्वतःच्या गावात, स्वतःच्या भाषेच्या राज्यात मराठी माणसाला घर नाकारलं गेल्याचे किस्से आम्ही ऐकतो आणि चिडतो. पण त्याच इमारतीत मुसलमान कुटुंबाला नाकारलं जातं तेव्हा आमच्यातले किती चिडतात? जपानी मालक आपल्या मालकाहून उदार नाही. तिथे फरक पडला तो एका सार्वजनिक संस्थेने दार उघडं ठेवलं म्हणून.

पाण्याचं थोडक्यात सांगते. निशिकासाईत नळ सोडला की पाणी येतं आणि ते तसंच पितात. शहराच्या पाणीपुरवठ्यात गळती तीन-चार टक्के. आमच्याकडे ‘स्टेम’ आणि ‘एमआयडीसी’ या संस्थांचं पाणी येतं, आणि ‘शटडाऊन’ हा शब्द आमच्या इमारतीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. आता पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून मीरा-भाईंदरसाठी रोज २१.८ कोटी लिटर पाण्याची योजना आहे आणि तिच्याकडे आम्ही डोळे लावून बसलो आहोत. पण ते धरण मुळात पालघर-डहाणूच्या शेतीसाठी बांधलं होतं, आणि तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांनी हे पाणी शहरांकडे वळवायला विरोध केला होता. आमच्या नळाला चोवीस तास पाणी यावं असं मला मनापासून वाटतं. तितकंच मनापासून वाटतं की ते कुणाच्या शेतातून येतं हे आम्हाला माहीत असावं.

एदोगावाकडे वळते, कारण तिथल्या पाण्याची गोष्ट जास्त खोल आहे. प्रभागाची सुमारे सत्तर टक्के जमीन भरतीच्या पाणीपातळीपेक्षा खाली आहे. कारखान्यांनी वर्षानुवर्षं जमिनीखालचं पाणी आणि वायू उपसला, जमीन बसत गेली. कासाईच्या किनाऱ्यावर तर लोकांच्या मालकीच्या जमिनी सातबाऱ्यावर जमीन आणि प्रत्यक्षात समुद्र अशा होऊन बसल्या. मग १९७२ पासून भराव आणि बांध घालून त्या पुन्हा वर काढल्या. २०१९च्या मे महिन्यात प्रभागाने घराघरांत पुराचा नकाशा वाटला. लेकीने तो मला दाखवला. मुखपृष्ठावर प्रभागाच्या चित्रातच लिहिलं आहे की, इथे थांबू नका. महापूर आला तर पाणी दोन आठवडे हटणार नाही, तेव्हा आधीच शेजारच्या प्रांतात नातेवाइकांकडे निघून जा, असं प्रशासन आपल्याच नागरिकांना छापून सांगतं. जागेचे भाव पडतील, लोक घाबरतील, याची पर्वा त्यांनी केली नाही. माझ्या मते त्या प्रभागातली सर्वात मोठी नागरी सुविधा म्हणजे तो कागद. मिठागरं आणि तिवरं बुजवून उभ्या राहिलेल्या आमच्या इमारतींत घर घेताना पाणी कुठवर येतं, हे आम्हाला फक्त तळमजल्यावरचे जुने भाडेकरू सांगतात.

एका दुपारी लेक मला फुरुकावा शिन्सुई पार्कला घेऊन गेली. नाव मोठं, बाग अरुंद. घरांच्या दोन रांगांमधून किलोमीटरभर लांब एक झरा वाहतो, बाजूला झाडं, पाण्यात पाय सोडायला दगड. तीन-चार मुलं जाळी घेऊन त्यात काहीतरी पकडत होती. एकाच्या बादलीत बोटभर लांबीचा पारदर्शक झिंगा होता. त्याने तो मला हातावर ठेवून दाखवला आणि मी आपलं मराठीत ‘वा वा, केवढा छान’ म्हटलं, ते त्याला कळलंही. हा झरा म्हणजे जुना जलमार्ग. पूर्वेच्या ग्योतोकूत मिठागरं होती. ते मीठ नावांतून एदोला, म्हणजे जुन्या टोकियोला, इथून जात असे. १६२९ साली शेजारून सरळ नवा कालवा खोदला आणि हा ‘जुनी नदी’ होऊन मागे पडला. पुढे कारखाने आले, वस्ती आली, आणि १९६० नंतर तो सांडपाण्याचं गटार झाला होता. लोक नाक दाबून जात. बहुतेक शहरं अशा गटारावर स्लॅब टाकून रस्ता करतात. एदोगावाने सांडपाणी वेगळ्या नळांत घेतलं, पाणी शुद्ध करून सोडलं आणि १९७३ साली तिथे बाग उघडली. अशा प्रकारची ती जपानमधली पहिली.

मीठ वाहून नेणारी खाडी, तिचं गटार, आणि गटाराची पुन्हा नदी. भाईंदरच्या बाईने यातल्या पहिल्या दोन पायऱ्या पाहिलेल्या आहेत. आम्ही राहायला आलो तेव्हा रेल्वेच्या दोन्ही अंगांना मिठाचे ढीग दिसत. राई, मुर्धे, मोर्वा ही गावं वेगवेगळी ओळखू येत.

पण या गोष्टीला एक दुसरी बाजू आहे आणि ती मला कासाई रिन्काईच्या किनाऱ्यावर कळली. १९८९ साली खुलं झालेलं हे समुद्रालगतचं उद्यान. समोरच्या कृत्रिम वाळूच्या दांड्यांवर इतके पक्षी उतरतात की २०१८ मध्ये त्या जागेला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. तिथून पूर्वेला नदीपल्याड डिस्नेलँड दिसतं, उरायासू शहरात. या उरायासूत मच्छीमार राहत. शिंपल्या, मासे, समुद्री शेवाळाची शेती हा त्यांचा धंदा. १९५८ साली एदोगावा प्रभागातल्या एका कागद कारखान्याने काळं पाणी नदीत सोडायला सुरुवात केली, मासे आणि शिंपल्या मरू लागल्या. तक्रारी करून उपयोग होईना. १० जूनला शेकडो मच्छीमार संसदेवर गेले आणि परतताना थेट कारखान्यात घुसले. पोलिसांशी झटापट झाली, शंभराहून अधिक जखमी झाले, काहींना अटक झाली. त्याच वर्षाच्या अखेरीला जपानच्या संसदेने पाण्याच्या प्रदूषणावरचे पहिले दोन कायदे केले.

म्हणजे शिस्तप्रिय, वाकून नमस्कार करणाऱ्या जपानचं स्वच्छ पाणी कारखान्याचं फाटक तोडून आलेलं आहे. ते कायदे कच्चे होते, मिनामाताच्या खाडीत कारखान्यातून जाणारा पारा त्यांनी थांबला नाही, खरे कडक कायदे १९७० साली आले. पण सुरुवात कोळ्यांनी केली. आणि त्या कोळ्यांचं काय झालं? पाणी सुधारण्याच्या आधीच धंदा बसला होता. १९७१ पर्यंत उरायासूच्या मच्छीमारांनी आपले सगळे मासेमारीचे हक्क भरपाई घेऊन सोडून दिले. समुद्र भरून काढला गेला, आणि त्या भरावावर १९८३ साली डिस्नेलँड उभं राहिलं.

परत आल्यावर मी आमच्या किनाऱ्यावरच्या उत्तनला गेले. बांबूंच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते, बंदरात बोटी लागलेल्या. ज्यांच्याकडून मी वर्षानुवर्षं मासळी घेते त्या मावशींना ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी हातातलं काम न थांबवता ऐकली. मग म्हणाल्या, “त्यांचा समुद्र गेला, पण पाणी साफ झालं. आमचा समुद्र हाय, पण जाळ्यात मासळीपरीस प्लास्टिक जास्त येतं.” धावगीच्या डोंगरावर सगळ्या शहराचा कचरा जातो आणि त्याचं पाणी शेतांत, विहिरींत उतरतं म्हणून उत्तनकर कितीतरी वर्षं आंदोलनं करत आले आहेत. एदोगावाने जे कायमचं गमावलं ते भाईंदरकडे अजून आहे: चालतं बंदर, त्यावर जगणारी गावं, तिवरं, उरलीसुरली मिठागरं. सुबत्तेच्या मोजमापात मी हे फार वरचं धरते. निशिकासाईतल्या मुलांना समुद्री शेवाळ कसं वाळवत ते आता प्रात्यक्षिक करून दाखवावं लागतं.

निघण्याआधी माझा एक हट्ट लेकीने पुरवला. तोझाई लाइननेच वासेदाला उतरून आम्ही मेजिरोच्या जपान महिला विद्यापीठापर्यंत चालत गेलो. १९०१ साली सुरू झालेल्या या संस्थेची माहितीपुस्तिका १९१५च्या सुमारास महर्षी कर्व्यांच्या हाती पडली आणि त्यातून १९१६ साली आपलं महिला विद्यापीठ उभं राहिलं. मी ज्या संस्थेत शिकले ती एका परदेशी पुस्तिकेमुळे, तुलना करून पाहणाऱ्या एका माणसामुळे जन्मली. कर्व्यांनी ‘ते जपानी आहेत, आपल्याला जमणार नाही’ म्हणून ती पुस्तिका बाजूला ठेवली नाही. फाटकाशी मी बराच वेळ उभी राहिले.

लेक म्हणते, आई, इथेच ये राहायला. तिच्या मजल्यावर एक ऐंशीच्या घरातल्या जपानी आजी एकट्या राहतात. नीटनेटक्या, सकाळी साडेसहाला रेडिओवरचा व्यायाम करायला बागेत येणाऱ्या. आम्ही एकमेकींना हसत होतो, त्यापलीकडे शब्द नव्हते. त्या देशात २०२४ साली ७६ हजारांहून अधिक माणसं घरात एकटी असताना मरण पावली, त्यातली तीनचतुर्थांश पासष्टीच्या पुढची. हा तिथल्या पोलिसांचाच आकडा आहे. भाईंदरला माझं दार दुपारी बारापर्यंत उघडलं नाही तर तीन जणी बेल वाजवतील. पण ‘तिकडे सोयी आणि इकडे माया’ अशी वाटणी करून मोकळं होणं मला मान्य नाही. शेजारणीची माया ही खड्ड्यांची भरपाई नव्हे. चांगला पदपथ झाला म्हणून माझ्या शेजारणी बेल वाजवायच्या थांबणार नाहीत. उलट गुडघ्यांमुळे घरात अडकलेल्या दोघी-तिघी खाली उतरतील. मी लेकीला सांगितलं की मी येऊन-जाऊन राहीन, घर मात्र भाईंदरलाच.

आमच्या सोसायटीच्या मागून एक नाला वाहतो. भरतीला त्यात खाडीचं पाणी चढतं, ओहोटीला काळा गाळ उघडा पडतो. परवाच्या मीटिंगला मी फुरुकावाचे फोटो घेऊन गेले. आधीचा काळा, नंतरचा झिंग्यांचा. वरच्या मजल्यावरचे एक जण म्हणाले, “काकू, ते जपानी आहेत हो.” मी त्यांना १९५८ची ती हकीकत पहिल्यापासून सांगितली. कारखान्याचं फाटक कुणाला तोडायचं नाहीये. आधी नाल्यात सांडपाणी नेमकं कुठून येतं ते तर कळू दे, असं दुसऱ्या विंगमधल्या एका इंजिनियर मुलीचं म्हणणं पडलं आणि ते सगळ्यांना पटलं. स्टेशनच्या बाजूने सुरुवात करून कुठल्या इमारतीचा कुठला पाइप थेट आत उतरतो याची नोंद आम्ही बायकांनी करायला घेतली आहे. पावसाळ्याआधी नाला खाडीला मिळतो तिथपर्यंत जायचं आहे. उत्तनच्या मावशी म्हणाल्या, तिथून पुढचं आम्ही दाखवतो.